जुनी जीप किंवा थार घेताना आणि सांभाळताना: नाशिक परिसरासाठी मार्गदर्शन

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत महिंद्राचा कारखाना 1981 साली उभा राहिला. कंपनीची इंजिने इगतपुरीला बनतात, आणि नाशिक शहरातल्या कित्येक घरांत कोणी ना कोणी ‘कंपनीत’ किंवा तिला सुटे भाग पुरवणाऱ्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत नोकरीला असते. त्यामुळे जीप घ्यायची म्हटले की सल्ला देणारे चारजण घरबसल्या भेटतात. मात्र त्यांतले बहुतेक जण गाडीचा रंग, टायर आणि इंजिनाचा आवाज यांवरच बोलतात. या गाडीत पैसे ज्यासाठी मोजायचे ते सगळे खाली, चासीच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) आसपास असते: दोन्ही अ‍ॅक्सल, ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) आणि त्यांना जोडणारे शाफ्ट. ते तपासता आले, योग्य वेळी वापरता आले आणि पावसाळ्यानंतर त्यांची निगा राखता आली, तर पंधरा-वीस वर्षांची जीपही घरच्या माणसासारखी साथ देते. हा लेख त्या तीन कामांपुरता आहे.

कोणती पिढी, हे आधी ओळखावे

जुन्या बाजारात ‘महिंद्रा जीप’ या एकाच नावाखाली एकमेकींपासून अगदी वेगळ्या गाड्या विकल्या जातात, म्हणून थोडा इतिहास माहीत असणे खरेदीदाराच्या थेट उपयोगाचे आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी बनवलेल्या लहान चारचाकीपासून ही वंशावळ सुरू होते. 1945 मध्ये महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि 1948 मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ असे झाले. त्या काळात मुंबईत विलीज जीपची सुट्या भागांपासून जोडणी सुरू झाली. उंच बोनेटची जी जीप जुन्या सरकारी छायाचित्रांत दिसते, ती ‘सीजे 3बी’ या नमुन्याची.

ऐंशीच्या दशकात ‘एमएम 540’ आली आणि तिच्यात प्यूजोच्या परवान्याने बनवलेले डिझेल इंजिन बसले. डिझेलचा खर्च परवडत असल्यामुळे ही गाडी सैन्यापासून शेतकऱ्यापर्यंत सगळीकडे पोहोचली. पुढे-मागे सरळ अ‍ॅक्सल आणि चारही बाजूंना पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) अशी तिची बांधणी आहे. खेड्यातला फिटरही ती खोलून जोडू शकतो. मोबदल्यात बसणाऱ्याच्या पाठीला प्रत्येक खड्डा कळतो आणि स्टेअरिंगला ताकद लागते.

2010 च्या ऑक्टोबरात ‘थार’ हे नाव आले. दिसायला ती जुन्या जीपसारखीच होती, पण पुढच्या बाजूला पाट्यांऐवजी टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचे काम करणारी सळई) असलेले स्वतंत्र सस्पेन्शन होते, मागे पाटे राहिले, आणि अडीच लिटरचे 105 अश्वशक्तीचे सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) इंजिन होते. तिच्याच जोडीला साध्या डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिनाची थारही विकली गेली. त्यामुळे ‘पहिली थार’ एवढ्यावर न थांबता कोणत्या इंजिनाची आणि फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी) आहे की नाही, हे विचारावेच लागते. या पिढीत एअरबॅग नाहीत आणि एबीएस (ब्रेक मारताना चाके अडकू न देणारी यंत्रणा) अगदी शेवटी आले. लहान मुलांना घेऊन महामार्गावर नियमित जाणाऱ्या कुटुंबाने ही गाडी एकमेव गाडी म्हणून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

2020 च्या 2 ऑक्टोबरला बाजारात आलेली थार ही जवळजवळ नवीन गाडी आहे, आणि तिचे उत्पादन नाशिकच्याच कारखान्यात सुरू झाले. दोन लिटरचे पेट्रोल किंवा 2.2 लिटरचे डिझेल इंजिन, चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग, जमिनीपासून 226 मिलिमीटर उंची, 650 मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता आणि ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत चार तारे, ही तिची ओळख. 2023 च्या जानेवारीत याच रूपाची, पण फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी स्वस्त थार आली. सेकंडहँड गाडी पाहताना मागच्या पत्र्यावरच्या ‘4×4’ या अक्षरांवर विसंबू नये. ती कोणीही चिकटवू शकते. गिअरच्या दांड्याशेजारी ट्रान्सफर केसचा दुसरा दांडा आहे का, ते पाहावे.

गाडीखाली शिरून पाहावे

नाशिक जिल्ह्यात गाडी कुठे वापरली गेली, यावर तिचा गंज ठरतो. इगतपुरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, त्र्यंबकेश्वर आणि पेठ-सुरगाण्याकडेही तो चार महिने टिकून असतो, तर सिन्नर-येवल्याचा पट्टा पावसाला तरसतो. सिन्नर-येवल्याकडची गाडी बाहेरून धुळकट आणि रंग उडालेली दिसली, तरी तिची चासी बहुधा अधिक चांगली निघते. घाटमाथ्याच्या बाजूची चकचकीत गाडी आली की टॉर्च घेऊन खाली शिरावे. चासीच्या मागच्या आडव्या पट्टीत, बॉडी माउंटच्या रबरांजवळ आणि मागच्या पाट्यांच्या हँगरपाशी चिखल साठतो आणि पत्रा आतून खातो. छोट्या हातोडीने चासीवर हलके ठोकत जावे. निरोगी लोखंड खणखणते, कुजलेले बोदे वाजते. ताजा काळा रंग चासीवर जाड थरात दिसला, तर तो कशासाठी लावला हे मालकाला विचारावे. पायाखालची मॅट उचलून फ्लोअरही पाहावा, कारण हूडच्या (ताडपत्रीच्या छपराच्या) गाडीत पाणी आत येतेच आणि मॅटखाली महिनोन्महिने राहते.

त्यानंतर फोर बाय फोर खरोखर चालते का, हे पाहायचे. त्यासाठी डांबरी रस्ता चालत नाही. मुरमाचे मोकळे मैदान शोधावे. जुन्या जीपला पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब लॉक (चाक अक्सलच्या शाफ्टला जोडणारी कळ) असतील, तर ते आधी लॉक करावेत. मग फोर-हायला (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) टाकून थोडे अंतर जावे, गाडी पूर्ण थांबवून न्यूट्रल करावी आणि फोर-लोला टाकावे. लो मध्ये चाकांना मिळणारा जोर सुमारे अडीच पट होतो, त्यामुळे क्लच सोडताच गाडी ॲक्सिलरेटर न देताही मुंगीच्या वेगाने पुढे सरकली पाहिजे. दांडा आपोआप सुटून बाहेर येत असेल, खालून ‘खट्‌ खट्‌’ असा आवाज येत असेल किंवा मालक “आम्ही कधी वापरलेच नाही, पण चालते” असे म्हणून विषय बदलत असेल, तर ट्रान्सफर केसच्या दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावी. कधीच न वापरलेले फोर बाय फोर हा गुण म्हणून सांगितला जातो. मला तो धोक्याचा इशारा वाटतो, कारण वर्षानुवर्षे न हललेले सील वाळतात आणि दांड्याचे सांधे गंजून घट्ट बसतात.

कागदपत्रांत जुन्या जीपच्या बाबतीत एक गोष्ट इतर गाड्यांपेक्षा महत्त्वाची आहे. या गाड्यांची इंजिने बदलली जातात. पेट्रोलची जीप डिझेल झालेली, किंवा एका जीपचे इंजिन दुसरीत बसवलेले असते. चासीवर ठोकलेला क्रमांक, इंजिनवरचा क्रमांक आणि इंधनाचा प्रकार हे तिन्ही आरसीशी जुळले पाहिजेत. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि नंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते, त्यामुळे ती मुदत कधी संपते तेही पाहावे. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म 35, हस्तांतरणासाठी फॉर्म 29 आणि 30, आणि 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट, एवढे हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

गाडी घेतल्यावर लगेच ती सजवण्याचा मोह आवरावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले आहे. पुढे लोखंडी बुल बार लावण्यास केंद्र सरकारने 2017 च्या डिसेंबरमध्ये मनाई केली; पादचाऱ्याला त्याने गंभीर इजा होते आणि एअरबॅग असलेल्या गाडीत एअरबॅग उघडण्यातही अडथळा येऊ शकतो. तोच पैसा चांगल्या टायरवर खर्च करावा.

दांडा केव्हा टाकावा आणि केव्हा टाकू नये

या गाड्यांतले फोर बाय फोर पार्ट-टाइम प्रकारचे आहे. फोर मध्ये टाकल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात. वळणावर मात्र पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापायचे असते. चिखलात किंवा मुरमावर चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. डांबरावर ती घसरत नाहीत, ताण शाफ्टमध्ये साठतो, स्टेअरिंग जड होते आणि गाडी कोणीतरी मागून धरल्यासारखी अडखळते. म्हणून कसारा घाटात पाऊस कितीही असो, डांबरी वळणांवर टू-हायच (फक्त मागच्या चाकांना ताकद) ठेवावे आणि वेग कमी ठेवावा. लहान व्हीलबेसची ही उंच गाडी आहे. वळणाच्या मध्यावर जोरात ब्रेक मारला तर मागची बाजू बाहेर सरकते. ब्रेक वळणाआधी मारून घ्यावा. ताणामुळे दांडा फोर मधून निघतच नसेल, तर त्याच्याशी झोंबू नये. सरळ रेषेत दोन-चार फूट रिव्हर्स घेतले की ताण सुटतो आणि दांडा हाताला हलका लागतो.

मातीप्रमाणे पद्धत बदलते. त्र्यंबक, हरसूल, इगतपुरीकडच्या मुरमाड आणि दगडी वाटांवर टायरची हवा 20 पीएसआयच्या आसपास आणली तर टायर दगडाला धरून बसतो आणि गाडीचे हादरे कमी होतात. डांबर लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरण्यासाठी छोटा कॉम्प्रेसर गाडीत हवा. निफाड-दिंडोरीकडच्या काळ्या जमिनीत मात्र ही युक्ती फार दूर नेत नाही. ओली काळी माती टायरच्या नक्षीत गच्च भरते, टायर गुळगुळीत होतो आणि गाडी लोण्यावर ठेवल्यासारखी बांधावरून खाली सरकते. जोराचा पाऊस झाल्यावर दोन दिवस उघडीप मिळेपर्यंत द्राक्षबागेच्या वाटेवर गाडी घालूच नये.

वाहत्या पाण्यात आधी माणसाने काठी घेऊन चालून पाहावे. पाणी गुडघ्याच्या वर असेल, तळ दिसत नसेल किंवा ओढ जाणवत असेल, तर परत फिरावे; 650 मिलिमीटर हा आकडा साचलेल्या पाण्याच्या खोलीसाठी समजावा, पुराच्या ओढीसाठी नाही. उतरायचे ठरलेच तर फोर-लोमध्ये पहिला किंवा दुसरा गिअर घालून एकसारख्या मंद वेगाने जावे आणि मध्येच गिअर बदलू नये. उतारावरही पहिला गिअर, लो, आणि क्लचवरचा पाय काढलेला, हीच पद्धत. गाडीचा वेग इंजिनानेच धरून ठेवावा.

अडकलेली गाडी ओढताना दोर चासीला जोडलेल्या हुकालाच लावावा. बंपर किंवा स्टेअरिंगच्या टाय रॉडला दोर बांधणे जीवघेणे ठरते. ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणालाही उभे राहू देऊ नये.

गाडी जाऊ शकते म्हणून प्रत्येक हिरव्या उतारावर ती घालणेही योग्य नाही. अंजनेरीच्या पठारावर ‘सिरोपेजिया अंजनेरिका’ हे कंदीलपुष्प वाढते, आणि त्याच्यासारख्या वनस्पती ज्या मातीवर उभ्या असतात तिचा थर सड्यांवर (खडकाळ पठारांवर) काही बोटांचाच असतो. एका चाकोरीने तो वाहून जातो. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय जाऊ नये, आणि वाट नसलेल्या जागी वाट पाडू नये.

पावसाळ्यातली आणि नंतरची निगा

ओढा ओलांडताना गरम अ‍ॅक्सल थंड पाण्यात बुडतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (आतली हवा ये-जा करण्यासाठी ठेवलेल्या छिद्रातून) किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. बाहेरून काहीच दिसत नाही. डिफरन्शिअलचा (दोन चाकांमधल्या दात्यांच्या पेटीचा) ड्रेन प्लग सैल केल्यावर स्वच्छ तेलाऐवजी दुधाळ, फेसाळ तेल आले, की पाणी शिरले असे निश्चित समजावे. तसे तेल त्याच दिवशी बदलावे, कारण पाणी मिसळलेले तेल बेअरिंग आणि दात्यांना फार काळ वाचवत नाही. पुढचा-मागचा डिफरन्शिअल, ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्स अशा चारही ठिकाणी हे पाहावे लागते. ब्रीदरला लांब नळी जोडून ती बोनेटच्या उंचीपर्यंत नेणे हे किरकोळ खर्चाचे, पण अतिशय मोलाचे काम आहे.

चिखलातून आल्यावर गाडी वरून धुण्याआधी खालून धुवावी, आणि त्यानंतर शाफ्टच्या क्रॉसना (सांध्यांना) ग्रीस मारावे. क्रॉसच्या सीलांच्या कडांतून जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसू लागेपर्यंत पंप चालवावा. ओल्या ड्रम ब्रेकमध्ये चिखल राहिला तर तो लायनिंग खातो, म्हणून पावसाळा संपताच ड्रम उघडून स्वच्छ करावेत. पाट्यांचे यू-बोल्ट आणि बॉडी माउंटचे नट तेव्हाच आवळून घ्यावेत. चासीवर आधी गंज घासून काढून मग प्रायमर आणि रंग द्यावा. ओल्या गंजावर रंग दिला तर गंज आतच कोंडला जातो आणि जोमाने वाढतो. हूडची गाडी असल्यास ताडपत्री पूर्ण वाळल्याशिवाय घडी करून ठेवू नये.

उन्हाळ्यात गाडी फारशी कच्च्या रस्त्यावर जाणार नसेल, तरी महिन्यातून एकदा मुरमाच्या जागेवर फोर-हाय आणि फोर-लो दोन्ही टाकून काही मिनिटे सरळ चालवावी, म्हणजे ट्रान्सफर केस आणि पुढच्या अ‍ॅक्सलमधले तेल सर्व दात्यांना लागते आणि जूनमध्ये दांडा पहिल्याच खेपेस बसतो.