बूटची वेळ मोजायला बसण्यापूर्वी

रबाळे एमआयडीसीतल्या लॅबमध्ये मागच्या खेपेला आमची जी शोभा झाली ती पुन्हा होऊ नये, म्हणून हे लिहून ठेवतोय. काम साधं होतं. बोर्डाला पॉवर दिल्यापासून लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, उठेपर्यंत (हेच बूट) किती वेळ जातो आणि तो कुठे कुठे जातो, एवढंच मोजायचं होतं. मोजलं, तक्ता केला, ग्राहकाला पाठवला. तक्त्यातला एकूण एक आकडा चार टक्क्यांनी खोटा निघाला.

केबल, अ‍ॅडॉप्टर, जास्तीचं एसडी कार्ड हे सांगायची गरज नाही. प्रिंटकेचे, म्हणजे कर्नलच्या लॉगमधल्या ओळींचे, टाइमस्टॅम्प चालू ठेवा, तेही सांगायची गरज नसावी.

आता मुख्य. बोर्डाला पॉवर द्यायच्याही आधी त्यावर क्रिस्टल (ज्याच्या कंपनांवर चिपचं घड्याळ चालतं तो) किती मेगाहर्ट्झचा बसवलाय ते डोळ्यांनी बघा. सर्किटची पीडीएफ उघडून नाही, मागच्या बोर्डावरून अंदाजाने नाही, डोळ्यांनी. प्रोसेसरच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी चकचकीत डबी असते. तिच्यावर आकडा कोरलेला असला तर भिंगातून वाचता येतो. नसला, तर ज्याने भाग मागवले त्याला उठून जाऊन विचारा.

एवढं डोकं का खातोय ते सांगतो. एआरएम जातीच्या प्रोसेसर चिपमध्ये एक काउंटर असतो, तो ठरलेल्या वेगाने पुढे सरकत राहतो. पण तो वेग किती, हे कर्नलला ठाऊक नसतं. तो सीएनटीएफआरक्यू नावाच्या रजिस्टरमधला (चिपमधल्या एका छोट्या खणातला) आकडा वाचतो आणि मान्य करतो. तो आकडा हार्डवेअरने मोजलेला नसतो. ती नुसती पाटी आहे. बूटलोडर, म्हणजे कर्नलला उठवणारा प्रोग्राम, तिच्यावर जे लिहील ते कर्नलसाठी ब्रह्मवाक्य. आमच्या यू-बूट या बूटलोडरमध्ये जुन्या बोर्डाचा २५ मेगाहर्ट्झ तसाच राहिला होता आणि नव्या बोर्डावर होता २४ चा क्रिस्टल. म्हणजे खऱ्या एका सेकंदात काउंटर २ कोटी ४० लाख पावलं टाकणार आणि कर्नल अडीच कोटी झाल्याशिवाय सेकंद धरणार नाही. पाच सेकंदांचं बूट आम्हाला ४.८ दिसलं. आम्ही खूष.

लक्षात कसं नाही आलं? कारण बोर्डाच्या आत बसून ते लक्षात येऊच शकत नाही. डेट आणि स्लीप या कमांड, टाइमस्टॅम्प, सगळे त्याच काउंटरवर पोसलेले, त्यामुळे सगळे सारख्याच प्रमाणात खोटं बोलतात आणि एकमेकांची साक्ष काढतात. स्लीप १० दिलं आणि टाइम कमांडने मोजलं तर उत्तर दहाच. सिरीयल पोर्टही व्यवस्थित चालत होता, कारण त्याचं गणित क्लॉक ड्रायव्हरच्या वेगळ्या कोष्टकातून येतं आणि ते कोष्टक कुणीतरी इमानदारीत सुधारलं होतं.

कळलं ते जेवणामुळे. जाताना फोनशी जुळवून बोर्डची वेळ लावली होती. डबा, मग टपरीवर चहा, असा तास गेला. परत येऊन बघतो तर बोर्ड १४४ सेकंद मागे. ट्रान्स हार्बर लोकलवाल्यांना विचारा, तेवढ्यात ठाण्याची गाडी डोळ्यांदेखत सुटते.

हार्डवेअरच्या काकांकडे गेलो. "काका, क्रिस्टल कितीचा आहे?"

"चोवीसचा. बदलला ना गेल्या खेपेला. मेल टाकलेली."

मेल होतीच. आणखी लाज वाटायची गोष्ट म्हणजे पुरावा लॉगमध्येही होता. बूट होताना शेड-क्लॉकची (कर्नलच्या आतल्या घड्याळाची) एक ओळ येते, तिच्यात काउंटरचा वेग आणि रिझोल्यूशन छापतात. २४ मेगाहर्ट्झला तिथे ४१ नॅनोसेकंद दिसायला हवेत, आमच्याकडे ४० होते. दोन आठवडे रोज ती ओळ वर सरकताना पाहिली. म्हणून डबी बघा, मग ही ओळ बघा, आणि दोन्ही जुळल्याशिवाय स्टॉपवॉचलाही हात लावू नका.

डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे कर्नलला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये, टायमरच्या नोडवर वेग लिहून हे दडपता येतं. करू नका. ती सोय बिघडलेल्या फर्मवेअरसाठीची मलमपट्टी आहे. पाटीवरचा आकडा बूटलोडरमध्येच सुधारा आणि प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरवर लिहा, कारण हे रजिस्टर कोअरगणिक वेगळं असतं.

इंटेलवाल्यांनी हसू नये. तिथे टीएससीचा (त्यांच्या काउंटरचा) वेग कर्नल स्वतः मोजतो, नाहीतर नव्या प्रोसेसरवर सीपीयूआयडी या सूचनेने प्रोसेसरलाच विचारतो. मोजताना पीआयटी या जुन्या टायमरचे सेकंदाला ११,९३,१८२ ठोके हा आधार, आणि मधेच बायोसचा एसएमआय (कर्नलला न विचारता प्रोसेसर अडवणारा इंटरप्ट) आला तर मोजमाप बिघडू शकतं. टीएससीचं सुधारित कॅलिब्रेशन थोड्या वेळाने लॉगमध्ये येतं, ते आधीच्या आकड्याशी ताडून बघा.

पुढचं, शून्य. लॉगच्या सुरुवातीला ओळीच्या ओळी ०.०००००० दाखवतात, त्याचा अर्थ त्यांना वेळ लागला नाही असा नाही. तोपर्यंत खरं घड्याळ जोडलेलंच नसतं. कर्नल जिफीजवर, म्हणजे टायमरच्या ठोक्यांच्या गणतीवर, भागवत असतो आणि टायमरचा इंटरप्ट सुरू झालेला नसल्याने जिफीज जागचे हलत नाहीत. घड्याळ जोडलं की गणती तिथून पुढे. त्याआधीचं बूट रॉम (चिपमध्येच असलेला पहिला प्रोग्राम), मेमरीची जुळवाजुळव, यू-बूट, कर्नल उलगडणं, यातलं काहीही त्या आकड्यात नसतं. ग्राहक मात्र बटण दाबल्यापासून मोजतो. म्हणून बूटलोडरच्या पहिल्या ओळीत आणि कर्नलमध्ये शिरताना कच्चा काउंटर वाचून ठेवा. त्याहून बरं म्हणजे एक जीपीआयओ पिन (सॉफ्टवेअरने चालू-बंद करता येणारी चिपची पिन) वर-खाली करा आणि पॉवरच्या रेषेसोबत ती ऑसिलोस्कोपवर, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर, पकडा. स्कोपला तुमच्या रजिस्टरचं सोयरसुतक नसतं. कच्चा काउंटर वापरलात तर त्याचे सेकंद करताना भागाकार डबीवरच्या आकड्याने करा. पाटीवरच्या नाही. हो, पुन्हा तेच सांगतोय.

सिरीयलवर छपाई फुकट होत नाही. १,१५,२०० बॉडला (सेकंदाला तेवढे बिट) एका अक्षराला दहा बिट, म्हणजे सुमारे ८७ मायक्रोसेकंद. साठ अक्षरांच्या चारशे ओळी झाल्या की दोन सेकंद नुसते बडबडीत गेले. आम्ही कुठला ड्रायव्हर हळू आहे ते शोधायला इनिटकॉल डीबग (प्रत्येक ड्रायव्हर सुरू व्हायला लागलेला वेळ छापणारा पर्याय) लावलं, ओळी आणखी वाढल्या, आणि मग बूट हळू झालं म्हणून ड्रायव्हरवाल्या मुलीला बोल लावला. तिची माफी मागून झाली आहे. एकदा क्वाएट (छपाई गप्प करणारा पर्याय) लावून मोजा, एकदा न लावता, आणि तक्त्यात कुठला आकडा कुठला ते लिहा.

डिले लूपचं कॅलिब्रेशन होण्याआधी ड्रायव्हरमध्ये यूडिले (काही मायक्रोसेकंद थांबवणारं फंक्शन) वापरला असेल तर तो अंदाजपंचे असतो, त्यावर भरवसा नको.

आरटीसी (पॉवर गेल्यावरही सेलवर चालणारं घड्याळ): सेल आहे का बघा, नाहीतर १९७० उजाडतं आणि सर्टिफिकेटं नाकारली जातात. ड्रायव्हर कर्नलमध्येच हवा, मॉड्यूल नको. आत यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, ठेवा, भारतीय वेळेचे साडेपाच तास वरच्या थरात मिळवा.

थंड बोर्डावर पाच वेळा, गरम बोर्डावर पाच वेळा. लॉगच्या फाइलला तारीख आणि बोर्ड नंबर.

आणि तक्ता पाठवायच्या दिवशी जेवायला जाताना फोनवरची आणि बोर्डवरची वेळ कागदावर लिहा, आल्यावर परत लिहा. नेटवरून वेळ जुळवणारं काही चालू असेल तर ते आधी बंद करा. धड क्रिस्टल तासाभरात पाव सेकंदही चुकत नाही. दोन-तीन सेकंदांचा फरक दिसला तर मेल ड्राफ्टमध्येच राहू द्या आणि भिंग काढा.