पावणेदोन तासांचे डिनर रोल: ओव्हन लावण्याआधीची तयारी

झटपट डिनर रोलमध्ये वेळ वाचतो तो एकाच ठिकाणी. नेहमीच्या पद्धतीत पीठ दोनदा फुगवतात, इथे एकदाच. दोनदा फुगणाऱ्या पिठाला आपल्या बारीकसारीक चुका पोटात घालायला सवड असते. दूध थोडं गार पडलं, तर तासाभराने का होईना, पीठ वर येतं. एकदाच फुगणाऱ्या पिठाकडे ती सवड नसते. म्हणून हे रोल पटकन होतात की नाही, हे मळण्याआधीच्या पंधरा मिनिटांत ठरतं. खालची तयारी १२ रोलची आहे, आणि सगळं मोजून, कोमट व्हायचं ते कोमट करून, ओट्यावर मांडून झाल्याशिवाय पिठात हात घालायचा नाही.

आधी घड्याळ. जेवायच्या वेळेपासून उलटं मोजत या. गार व्हायला १० मिनिटं, भाजायला १६ ते १८, फुगायला ३५ ते ४०, वळायला १०, पिठाच्या विसाव्याला १०, मळायला १०, मोजामापीला १५. बेरीज साधारण पावणेदोन तास. त्यात प्रत्यक्ष हात गुंततात ते अर्धा-पाऊण तास. बाकीच्या वेळात दुसरा स्वयंपाक होतो, फक्त त्या वेळात ओव्हन दुसऱ्या कशाला लागणार नाही ना, हे आताच पाहून ठेवा.

मैदा ४०० ग्रॅम, आणि तो वजनाने. इथे वाटीवर विसंबू नका. पिशवीत कप खुपसून दाबून भरला तर एका कपात १५० ग्रॅम मैदा बसतो. चमच्याने हलका भरून वरून सपाट केला तर १२० ते १२५. तीन कपांत हा फरक पंच्याहत्तर ते नव्वद ग्रॅमचा होतो, आणि तेवढा जास्त मैदा पडला की रोल कोरडे होतात, दुसऱ्या दिवशी तर भुगाच. वजनकाटा नसेल तर मैदा आधी चमच्याने सैल करा, मग कप भरा आणि सुरीच्या पाठीने वरचा काढून टाका. असे सव्वातीन कप. थोडी कणीक मिसळायची असेल तर ४०० पैकी १०० ग्रॅमपर्यंत चालते. तिला पाणी जास्त लागतं, म्हणून दूध १५ ते २० मिली वाढवा. त्याहून जास्त कणीक घातली की या कमी वेळात रोल हलके होत नाहीत.

यीस्ट इन्स्टंट, ७ ग्रॅम, म्हणजे चहाचे सव्वादोन सपाट चमचे. पाकिटावरचं नाव नीट वाचा. ‘अॅक्टिव्ह ड्राय’ असेल तर त्याचे दाणे मोठे असतात. ते ९ ग्रॅम घ्या आणि पिठात कोरडं न टाकता कोमट दुधात दहा मिनिटं भिजवून मगच वापरा. ताजं, वडीचं यीस्ट असेल तर तिप्पट, २१ ग्रॅम. उघडलेलं पाकीट किती दिवसांचं आहे ते आठवत नसेल तर मळायच्या आधी त्याची परीक्षा घ्या. अर्धा कप कोमट पाणी, एक चमचा साखर आणि दोन चमचे यीस्ट एकत्र ढवळून ठेवा. दहा मिनिटांत वर जाड फेस आला पाहिजे. चार बुडबुडे दिसले म्हणजे यीस्ट चांगलं, असं समजू नका. अर्धमेलं यीस्ट बुडबुडे काढतं, रोल उचलत नाही. या परीक्षेला दहा मिनिटं जातील, पण फसलेल्या घाण्यापेक्षा ते स्वस्त.

दूध २४० मिली, उकळून कोमट केलेलं. कच्च्या किंवा नुसत्या तापवलेल्या दुधातली काही प्रथिनं पिठाची ताण धरणारी बांधणी सैल करतात. दूध उकळीपर्यंत नेलं की तो त्रास कमी होतो. कोमट म्हणजे किती, तर ४० अंश सेल्सिअस. थर्मामीटर नसेल तर करंगळी दुधात बुडवून दहा आकडे मोजा. ऊब जाणवावी, पण बोट काढून घ्यावंसं वाटू नये. दूध ५५ ते ६० अंशांच्या घरात गेलं की यीस्ट मरतं आणि मग कितीही वेळ थांबलात तरी काही होत नाही. उलट २० अंशांचं दूध घेतलं तर यीस्ट मरत नाही, नुसतं रेंगाळतं, आणि ३५ मिनिटांचं फुगणं सव्वा तासावर जातं. मशीनवर मळणार असाल तर दूध ३५ अंशांवरच ठेवा, कारण घर्षणाने पीठ आपोआप तापतं. मोजलेल्या दुधातलं २० मिली वेगळं काढून ठेवा. मैदा किती पाणी पितो हे पाकिटागणिक बदलतं.

अंडं एक, आणि ते फ्रिजमधून थेट नको. विसरला असाल तर कवचासकट कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा. अंडं नको असेल तर एकूण दूध २८० मिली करा. रोल थोडे कमी पिवळसर आणि किंचित कमी भरीव होतील, बाकी फरक पडत नाही. बिनमिठाचं लोणी ५० ग्रॅम पिठासाठी आणि २० ग्रॅम वरून लावायला. पिठातलं लोणी बोट दाबल्यावर खळगा पडेल इतकं मऊ हवं. वितळलेलं तेलकट लोणी घातलं तर पीठ हाताला निसटतं आणि मळायला वेळ जास्त लागतो. गार ठोकळा घातला तर त्याचे गोळे राहतात आणि पीठही गारठतं. लोण्याऐवजी ४० मिली बिनवासाचं तेल चालतं. मऊपणा राहतो, चव मात्र जाते.

साखर ३५ ग्रॅम, म्हणजे तीन मोठे चमचे जेमतेम. गोड आवडतं म्हणून दुप्पट केलीत तर यीस्ट मंदावतं, कारण साखर त्याच्या वाट्याचं पाणी ओढून घेते. मीठ ७ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा आणि वर मोठी चिमूट. मीठ आणि यीस्ट भांड्याच्या दोन टोकांना ठेवा असं सांगतात. लगेच पीठ भिजवणार असाल तर ती एकत्र पडली तरी काही बिघडत नाही. मीठ विसरणं मात्र महागात पडतं. पीठ भराभर फुगतं, चिकट राहतं, आणि रोल खाताना पुठ्ठ्यासारखे लागतात. म्हणून मीठ मोजून मैद्यावरच टाकून ठेवा.

भांड्यांचं फार नाही. २३ × ३३ सेंटिमीटरचा ट्रे, किंवा २३ सेंटिमीटर व्यासाचे दोन गोल डबे, प्रत्येकी सहा रोलचे: मधे एक, भोवती पाच. ट्रेला लोण्याचा हात आधीच लावून ठेवा. एक धारदार सुरी किंवा कापणी, एक जाळी, एक ओलं करून पिळलेलं फडकं.

फुगवायची जागासुद्धा तयारीतच येते, आणि बहुतेक वेळा तीच राहून जाते. बंद ओव्हनच्या तळाशी उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवून दार लावलं की आत ऊब आणि दमटपणा दोन्ही मिळतात. आतलं तापमान ३० ते ३५ अंशांच्या मधे हवं. त्याहून जास्त ऊब दिली तर रोल पटकन टम्म होतात, पण आंबूस यीस्टचा वास धरतात आणि भाजताना खाली बसतात. ओव्हन एकच असेल तर एक गोष्ट चिठ्ठीवर लिहून दाराला लावा: तापवायला सुरू करण्याआधी ट्रे बाहेर काढायचा आहे.

आता मळणं. कोरडं सगळं एकत्र, मग दूध आणि अंडं, आणि मैदा सगळा भिजला की लोणी. पहिली तीन-चार मिनिटं पीठ हाताला, परातीला, सगळ्याला चिकटतं. बहुतेक घाणे इथेच बिघडतात, कारण हात आपोआप मैद्याच्या डब्याकडे जातो. वरून मैदा घालू नका. तळव्याने पुढे ढकला, दुमडा, फिरवा. सहाव्या-सातव्या मिनिटाला पीठ स्वतःच परात सोडतं. पीठ घट्ट आणि चिरा पडल्यासारखं दिसत असेल तर बाजूचं दूध चमचा-चमचा घाला. हाताने ८ ते १० मिनिटं, मशीनच्या हुकने मंद गतीवर ६ ते ७. लिंबाएवढा तुकडा दोन्ही हातांनी हळूहळू ताणून पाहा. पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पापुद्रा न फाटता आला की थांबा.

झाकून १० मिनिटं विसावा द्या. हा फुगवण्यासाठी नाही. तिंबलेलं पीठ ताठ झालेलं असतं, ते सैल पडल्याशिवाय गोळे नीट वळत नाहीत, वळले तरी पुन्हा आखडतात. पिठाचं एकूण वजन साधारण ७८० ग्रॅम भरेल, त्यामुळे एक गोळा ६५ ग्रॅमचा. डोळ्यांनी अंदाजे कापलेत तर लहान गोळे करपतात आणि मोठे मधून कच्चे राहतात. वळताना ओट्यावर मैदा भुरभुरवू नका; गोळ्याची कातडी ताणली जायला खालची पकड लागते. कडा खाली दुमडा, तळव्याचा वाडगा करून गोल फिरवा, आणि सांधा खालच्या बाजूला ठेवून ट्रेमध्ये मांडा, दोन गोळ्यांत बोटभर जागा सोडून. सांधा वर राहिला तर रोल भाजताना तिथूनच उलतो.

ओलं फडकं झाकून ३५ ते ४० मिनिटं. घड्याळ हा अंदाज आहे, बोट हा निर्णय. गोळ्याच्या कडेला हलकेच बोट दाबा: खळगा लगेच भरून आला तर अजून दहा मिनिटं थांबा, सावकाश आणि अर्धवट भरला तर तयार, मुळीच भरला नाही तर उशीर झाला, ताबडतोब भाजायला घ्या. कमी फुगलेला रोल भाजताना बाजूने फाटतो आणि आत दाट राहतो. शेवटच्या वीस मिनिटांत ट्रे बाहेर आणून, झाकलेलाच ठेवून, ओव्हन १९० अंशांवर तापवायला लावा. पंखा चालू असणारा ओव्हन असेल तर १७५. लहान ओव्हनमध्ये वरची कॉइल जवळ येते, म्हणून ट्रे खालच्या खाचेत. मोठ्यात मधल्या खाचेत.

वरून दुधाचा हलका हात फिरवून १६ ते १८ मिनिटं भाजा. बाराव्या मिनिटाला पाहा. रंग पुरेसा आला असेल तर वर फॉइल सैल टाका. रंगावरून शिजल्याचा अंदाज फसवा असतो. मधल्या रोलच्या पोटात थर्मामीटर ८८ ते ९० अंश दाखवतो तेव्हा ते झालेले असतात. तो नसेल तर मधले दोन रोल किंचित वेगळे करून सांध्याकडे पाहा. तिथे ओलं, गिळगिळीत दिसलं तर आणखी तीन मिनिटं.

बाहेर काढल्याबरोबर वितळवलेलं २० ग्रॅम लोणी लावा, गरम असतानाच. गार कवचावर ते नुसतं तवंगासारखं राहतं. पाच मिनिटांनी ट्रेमधून जाळीवर घ्या, नाहीतर वाफ कोंडून तळ सादळतो.

उरलेले रोल पूर्ण गार झाल्यावर घट्ट डब्यात, बाहेरच, दोन दिवस. फ्रिजमध्ये ते लवकर शिळे लागतात. जास्त दिवसांसाठी फ्रीझरमध्ये महिनाभर, आणि खाताना फॉइलमध्ये गुंडाळून १५० अंशांवर ८ ते १० मिनिटं. फ्रीझरमधून थेट घेतले तर १५. रात्रीच वळून ठेवायचे असतील तर यीस्ट ४ ग्रॅम आणि दूध गार घ्या, ट्रे घट्ट झाकून ८ ते १२ तास फ्रिजमध्ये ठेवा, आणि भाजण्याआधी तासभर बाहेर काढा. तेव्हाही बोट दाबून पाहायचंच.