सेटअप.पीवाय बंद करायचं का? मी कसं ठरवते

जुना पायथन प्रोजेक्ट हातात आला की मी आधी बघते, टाकलेलं पॅकेज नीट काढता येतंय का. सेटअप.पीवाय ही प्रोजेक्टसोबतची जुनी इन्स्टॉल स्क्रिप्ट. ‘सेटअप.पीवाय इन्स्टॉल’ चालवून टाकलेल्या पॅकेजपुढे पिप, म्हणजे पॅकेजेस टाकणारं-काढणारं नेहमीचं टूल, अनेकदा हात वर करतं: हे डिस्टयुटिल्सने (पायथनसोबत येणाऱ्या जुन्या पॅकेजिंग साधनाने) टाकलंय, यातल्या फायली नेमक्या कोणत्या ते कळत नाही. ही पद्धत आजच सोडा. डिस्टयुटिल्स पायथन 3.10 मध्ये कालबाह्य ठरलं आणि 2023 साली आलेल्या 3.12 मधून गेलंसुद्धा. पुढे ती पद्धत चालते ती सेटअपटूल्स या वेगळ्या पॅकेजच्या आधारावर.

पिप, व्हेन्व्ह (प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) आणि रिक्वायरमेंट्स फाइल (लागणाऱ्या पॅकेजेसची यादी) यांची गोष्ट वेगळी. कोऱ्या मशीनवर प्रोजेक्ट पहिल्या झटक्यात उभा राहत असेल, तर 2024 मध्ये यूव्ही हे पॅकेजेस सांभाळणारं नवं टूल आलं म्हणून ते मोडू नका. दोन मशीनवर एकाच पॅकेजची दोन वेगळी व्हर्जन्स उतरायला लागली की मात्र बदलायची वेळ झाली.

बदलताना चालू व्हेन्व्हला हात लावू नका. त्यात ‘पिप फ्रीझ’ करून टाकलेल्या सगळ्या पॅकेजेसची व्हर्जनसकट यादी बाजूला ठेवा. ही यादी जशीच्या तशी यूव्हीला देण्याचा मोह होतो, तो टाळा. त्यात तुम्ही मागितलेली पॅकेजेस आणि त्यांच्यामागून आलेली, सगळी एकत्र असतात. कोडमधल्या इम्पोर्टच्या ओळी वाचून आपली खरी पॅकेजेस वेगळ्या फायलीत लिहा. इथे नावं फसवतात: कोडमध्ये ‘यॅमल’ दिसतं, पॅकेज असतं पायवायएएमएल, ‘सीव्ही2’ म्हणजे ओपनसीव्ही-पायथन, ‘पीआयएल’ म्हणजे पिलो. काही पॅकेजेस इम्पोर्टमध्ये दिसतच नाहीत, डेटाबेसचे ड्रायव्हर किंवा जीयुनिकॉर्नसारखे सर्व्हर. ती सेटिंग्ज आणि डिप्लॉय स्क्रिप्टमध्ये शोधा. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळं यश इथेच आहे.

मग ‘यूव्ही इनिट’ करा आणि ‘यूव्ही अ‍ॅड’ला ही छोटी यादी द्या, सोबत फ्रीझची यादी कन्स्ट्रेंट, म्हणजे व्हर्जन्सवरची मर्यादा, म्हणून. व्हर्जन्स जुनीच राहतात. टूल आणि व्हर्जन्स एकाच वेळी बदललीत तर बिघाड कशामुळे झाला ते सापडत नाही. यूव्हीने नेमकी व्हर्जन्स लिहून ठेवलेली लॉक फाइल गिटमध्ये कमिट करा, दुसऱ्या फोल्डरमध्ये ताजं क्लोन घ्या, ‘यूव्ही सिंक’ करून टेस्ट चालवा.

सर्व्हरवर डेबियन 12 ही लिनक्स सिस्टिम असेल तर सिस्टिमच्या पायथनमध्ये पिप काही टाकूच देत नाही. ती अडवणूक योग्य आहे. ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा फ्लॅग लावून ती ओलांडू नका.

रीडमीमधल्या जुन्या इन्स्टॉलच्या ओळी त्याच कमिटमध्ये काढा. दोन्ही पद्धती लिहिलेल्या राहिल्या, तर टीममधला नवा माणूस हमखास जुनीच उचलतो.