ऊर्जा नष्ट होत नाही, मग बॅटरी का संपते? समजुतीतल्या आणि वापरातल्या या चुका टाळा

ऊर्जा अक्षय्यतेचा नियम शिकवला की वर्गात एखादा तरी हात वर होतोच. ऊर्जा निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, तर टीव्हीच्या रिमोटचे सेल दर काही महिन्यांनी बदलायचे कशाला? याचं ठरलेलं उत्तर म्हणजे 'ऊर्जेचं रूपांतर होतं.' ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. रूपांतर झालं असेल तर उलटं रूपांतर करून घ्या की परत! इथे मोठी माणसंही अडखळतात, कारण बॅटरी म्हणजे आत काहीतरी भरून ठेवलेला डबा, असं आपण धरून चाललेलो असतो. हीच समजूत मग मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) वापरताना, पॉवर बँक विकत घेताना, सेल फ्रिजमध्ये ठेवताना आपल्याला फसवते.

'सेलमधला करंट संपला'

करंट संपत नाही. सेलच्या एका टोकातून जितके इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, तितकेच दुसऱ्या टोकातून आत येतात. संपलेल्या सेलमध्येही इलेक्ट्रॉन नव्या सेलइतकेच असतात आणि वजनही तेवढंच भरतं. बदलतं ते आतलं रसायन. अल्कलाइन सेलमध्ये एकीकडे जस्ताची भुकटी असते, दुसरीकडे मँगनीज डायऑक्साइड. जस्त इलेक्ट्रॉन सोडायला तयार, मँगनीज डायऑक्साइड ते घ्यायला तयार. आपण मधे पडदा घालून जवळचा रस्ता बंद करतो आणि इलेक्ट्रॉनांना तारेतून, बल्बमधून फिरून जायला लावतो. तेवढ्या फेरीत आपलं काम होतं. जस्ताचं झिंक ऑक्साइड होत जातं आणि दोन बाजूंमधली ओढ कमी होत जाते. ती आपलं उपकरण चालवायला पुरेनाशी झाली की आपण म्हणतो, सेल गेला.

'ऊर्जा आहेच ना कुठेतरी, मग गोळा करू'

आहे, अगदी मोजून दाखवता येते. फोनच्या ५००० मिलिअँपिअर-अवरच्या बॅटरीत, ३.८५ व्होल्ट धरले तर, सुमारे १९ वॉट-अवर म्हणजे ६९ हजार ज्यूल ऊर्जा असते. दिवसभरात यातली बरीचशी प्रोसेसरमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते. स्क्रीनचा उजेड भिंतींवर, कपड्यांवर पडून शोषला जातो आणि त्याचीही उष्णताच होते. टॉवरकडे गेलेल्या रेडिओलहरी वाटेतल्या इमारतींना अगदी किंचित ऊब देऊन संपतात. शेवटी सगळ्या ऊर्जेची उष्णता होते आणि एकही ज्यूल हरवत नाही.

आता समजा, ही सगळी उष्णता तुम्ही दहा बाय दहाच्या खोलीत कोंडली आणि भिंतींना काही घेऊ दिलं नाही. खोलीतली हवा जेमतेम दोन अंशांनी तापेल. या दोन अंशांच्या फरकावर यंत्र चालवून वीज परत मिळवायची म्हटलं, तर सादी कार्नो या फ्रेंच इंजिनिअरने १८२४ मध्ये त्याची मर्यादा घालून ठेवली आहे. जराही घर्षण नसलेलं आदर्श यंत्रसुद्धा त्या उष्णतेतली एक टक्क्याहून कमी ऊर्जा कामाला लावू शकेल. आणि खऱ्या खोलीत ते दोन अंशही शिल्लक राहत नाहीत, भिंती केव्हाच पिऊन टाकतात.

सगळी मेख इथे आहे. ऊर्जेची बेरीज कायम राहते, पण तिच्याकडून काम करून घेण्याची सोय कायम राहत नाही. रसायनात एकवटलेली ऊर्जा पसरली की पसरली. रुडॉल्फ क्लॉसियसने १८६५ मध्ये या पसरण्याच्या मापाला एन्ट्रॉपी हे नाव दिलं. आपल्याकडे शाळेत पहिला नियम, म्हणजे ऊर्जा अक्षय्यतेचा, घोटून घेतात आणि पसरण्याचा हा दुसरा नियम कॉलेजवर ढकलून देतात. माझ्या मते मुलांचा गोंधळ बराचसा यामुळेच होतो.

एक्स्टेंशन बोर्डाची पिन त्याच बोर्डात खुपसून बल्ब पेटवणारे 'फ्री एनर्जी'चे व्हिडिओ याच अज्ञानावर चालतात. मोटरने डायनामो फिरवायचा आणि डायनामोने मोटर, असंही काहींना सुचतं. दर फेरीत थोडी उष्णता निसटते आणि गाडा थांबतो. 'पण लोकल ब्रेक मारताना वीज परत देते ना?' असा प्रतिवाद हमखास येतो. देते. मुंबईच्या नव्या गाड्यांमध्ये ब्रेक लावताना मोटरच जनित्र होते आणि वीज ओव्हरहेड वायरमध्ये परत जाते. ही मोठी बचत आहे, पण परत जातो तो घेतलेल्या विजेचा काही भागच. बाकीची हवा कापण्यात, चाकं-रूळांत आणि मोटरच्या तापण्यात गेलेली असते. इलेक्ट्रिक स्कूटरलाही हाच हिशोब लागू आहे, त्यामुळे पूल उतरताना बॅटरी पुन्हा पूर्ण भरेल अशी आशा धरू नये.

थोडं मागे जाऊ. अलेस्सांद्रो व्होल्टाने १८०० मध्ये जस्त आणि चांदीच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे ठेवून पहिली बॅटरी जगाला दाखवली. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की निव्वळ त्या स्पर्शातून वीज निघते, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणजे खर्च काहीच नाही आणि वीज अखंड. पुढे मायकेल फॅरडेने यावर बोट ठेवलं की असं असेल तर शून्यातून शक्ती निर्माण होते असं मानावं लागेल, वीज येते ती रासायनिक क्रियेतून. ऑक्सफर्ड विद्यापीठात १८४० पासून एक विजेची घंटी वाजते आहे. दमट हवेमुळे कधीतरी पडलेले खंड सोडले तर ती तेव्हाच्याच बॅटरीवर चालू आहे. चमत्कार वाटतो, पण ती इतका नगण्य करंट घेते की आतलं रसायन अजून पुरलं आहे. तीही एक दिवस थांबणारच.

'मीटर दीड व्होल्ट दाखवतोय, म्हणजे सेल चांगला'

वापरातली सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून मल्टिमीटर आणायचा, सुट्ट्या सेलला टेकवायचा, १.४ व्होल्ट दिसले की सेल परत रिमोटमध्ये. रिमोट तरीही ढिम्म. मल्टिमीटर सेलकडून जवळपास काहीच करंट घेत नाही, त्यामुळे दमलेला सेलही त्याच्यापुढे ताठ उभा राहतो. सेल जुना होतो तसा त्याचा आतला रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो, आणि रिमोटचं बटण दाबताच करंटची मागणी वाढून व्होल्टेज खाली बसतं. तपासायचंच असेल तर १० ओहमचा रोधक जोडा आणि काही सेकंद व्होल्टेज बघा. एक व्होल्टच्या आसपास घसरलं तर सेल बदला. स्कूटरच्या बॅटरीलाही हेच: उभ्या गाडीला १२.६ व्होल्ट दाखवते, पण स्टार्टर दाबताच १० च्या बरीच खाली जात असेल, तर तिचे दिवस भरलेत.

रिमोटमधून काढलेला सेल लगेच टाकू नका, तो भिंतीवरच्या घड्याळात घाला. घड्याळ सरासरी एक मिलिअँपिअरही घेत नाही, त्याला हा थकलेला सेल आरामात पुरतो. मात्र अधूनमधून उघडून बघत जा, कारण असे सेल गळतात.

ऊन, फ्रिज आणि जुन्यात नवा सेल

रेडिओचे सेल उन्हात ठेवले की पुन्हा चालतात, हे आजी-आजोबांकडून ऐकलं असेल. त्यात तथ्य आहे. साध्या झिंक-कार्बन सेलमध्ये उबेने आतले आयन (विद्युतभार असलेले कण) जलद सरकतात आणि आतला रोध तात्पुरता कमी होतो. पण सेलमध्ये ऊर्जेची भर पडत नाही, उरलीसुरली लवकर बाहेर येते आणि गळतीही लवकर सुरू होते. अल्कलाइन सेल उन्हात घालण्यात काही अर्थ नाही.

फ्रिजचा उपाय मुंबईत तर उलटाच पडतो. चांगला अल्कलाइन सेल घरच्या तापमानाला वर्षाला दोन-तीन टक्केच ऊर्जा गमावतो, म्हणजे थंडाव्याने वाचणार ते किती? उलट जुलैच्या हवेत थंड सेल बाहेर काढला की त्यावर दव धरतं आणि टोकं गंजतात. कोरड्या डब्यात ठेवा, पुरे.

तीन सेलच्या टॉर्चमध्ये एकच नवा घालणं ही वरवर काटकसर वाटते. ओळीत जोडलेले असताना आधी संपलेल्या सेलमधून बाकीचे दोघे करंट ढकलत राहतात. तो उलटा चार्ज होतो, आत वायू साठतो आणि तो फुटून गळतो. सगळे एकदम बदला, एकाच प्रकारचे घ्या. अल्कलाइन गळला असेल तर पांढरा थर लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने पुसून टोकं कोरडी करा, हात मात्र झाका.

'१०,००० ची पॉवर बँक, ५००० चा फोन, म्हणजे दोनदा चार्ज'

इथे ऊर्जेचा नियम चुकीच्या एककात लावला जातो. मिलिअँपिअर-अवर हे विद्युतप्रभाराचं माप आहे, ऊर्जेचं नाही. पॉवर बँकेतले १०,००० हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे, म्हणजे ३७ वॉट-अवर. ते ५ व्होल्टवर चढवताना आणि फोनमध्ये पुन्हा उतरवताना उष्णता जाते, ती हाताला जाणवतेही. फोनची बॅटरी १९ वॉट-अवरची. हाती येतं ते दीड वेळच्या आसपास. पाठीमागे बारीक अक्षरांत ५ व्होल्टला मिळणारी क्षमता छापलेली असते, बऱ्याचदा ६००० च्या आसपास. खरेदी करताना तो आकडा वाचा.

फोन ३० टक्क्यांवर असताना पटकन बंद पडतो

टक्के म्हणजे फोनचा अंदाज. जुन्या बॅटरीचा आतला रोध वाढलेला असतो. गच्च भरलेल्या लोकलच्या धातूच्या डब्यात सिग्नल कमजोर झाला की फोन जोर लावून प्रक्षेपण करतो, त्यात कॅमेरा उघडला तर व्होल्टेज कोसळतं आणि फोन झोपतो. चार्जर बदलून काही होणार नाही, बॅटरी बदलावी लागते. तिला लवकर म्हातारपण येतं ते मुख्यतः उष्णतेने. मे महिन्यात डॅशबोर्डवर चार्जिंगला लावलेला, किंवा उशीखाली रात्रभर शंभर टक्क्यांवर तापत पडलेला फोन हे दोन नेहमीचे गुन्हेगार. बॅटरी फुगलेली दिसली तर फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, टोचू नका, दाबू नका. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यातही टाकू नका, ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्रातच द्या.