भाषण पाठवायचं, पण कोणत्या मिनिटापासून?

शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटात सकाळी आधी फुलांची चित्रं येतात, मग वरून आलेलं पत्र, मग एक्सेलचा तक्ता आणि खाली "आजच भरून द्यावे". त्या गर्दीत तुम्ही एखाद्या शिक्षण-तंत्रज्ञान परिषदेतल्या चाळीस मिनिटांच्या इंग्रजी भाषणाची लिंक टाकता आणि लिहिता, "अवश्य पाहावे". चार अंगठे येतात. ते देणाऱ्यांनी भाषण उघडलेलंही नसतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

तंत्रस्नेही शिक्षक म्हणून हे काम मी बरीच वर्षं करते आहे. नव्यानं हात घालणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असं, की अख्खं भाषण कोणालाच नको असतं. मैफलीत शेजारचा जाणकार "ही जागा ऐक" म्हणून कोपर मारतो, तेवढंच आपलं काम. पण त्यासाठी भाषण आधी आपण पूर्ण ऐकलेलं हवं, वही घेऊन, कुठे काय आलं त्याची वेळ टिपत.

उदाहरण देते. इंटरनेटवर फुकट धडे देणाऱ्या खान अकॅडमीचे साल्मन खान यांचं २०११ चं टेडमधलं भाषण. (टेड म्हणजे छोट्या भाषणांची जगप्रसिद्ध परिषद, भाषणं नेटवर फुकट बघता येतात.) (नावावरून गटात विनोद होणारच, होऊ द्या.) त्यात ते दुचाकीचं उदाहरण देतात. मुलाला सायकल शिकवली, दोन आठवड्यांनी पाहिलं तर त्याला डावीकडे वळता येत नाही, ब्रेक नीट लागत नाही. आपण ऐंशी टक्के गुण देतो आणि पुढे एकचाकी सायकल हातात ठेवतो. आता हा तुकडा गटात कसा पाठवायचा? संगणकावर यूट्यूबचं 'शेअर' दाबलं की खाली 'स्टार्ट अॅट' अशी चौकट येते. तिथे खूण करून वेळ टाकली की लिंक थेट त्या क्षणाला उघडते. सोबत मराठीत एवढंच लिहायचं: "साल्मन खान, टेड, २०११. सायकलचं उदाहरण संपेपर्यंतच बघा. अपूर्णांक अर्धवट आलेल्या मुलांना आपण दशांश अपूर्णांक शिकवायला घेतो, तेव्हा हेच होतं का?" या प्रश्नाला उत्तरं येतात. कोणी भांडायलाही येतं, की पाठ्यक्रम संपवायचा तर दुसरं काय करणार. भांडायला आलेला माणूस ते दोन मिनिटांचं तरी बघून आलेला असतो!

लिंकसोबत साल लिहायला विसरू नका. परिषदेतली भाषणं जोशात केलेली असतात आणि जुनी झाली तरी तशीच झळाळतात. निकोलस निग्रोपाँटी यांनी २००६ मध्ये टेडच्या व्यासपीठावर 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही कल्पना मांडली, ती ऐकताना आजही वाटतं की उद्याच लॅपटॉप आणावेत. भारतातला या योजनेचा पहिला प्रयोग आपल्याच रायगड जिल्ह्यात, खैरातच्या एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये सुरू झाला. पुढे दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात या योजनेतल्या तीनशेहून जास्त शाळांचा अभ्यास झाला. २०१२ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की लॅपटॉप मुलांपर्यंत पोचले, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. म्हणून भाषण पाठवायचं नाही असं नव्हे. भाषण आणि पेरूचा निष्कर्ष, दोन्ही एकाच निरोपात पाठवायचे. शिक्षकाशिवायही मुलं संगणकावर आपापली शिकतात, असं मांडणारे सुगाता मित्रा यांच्या भाषणाबाबतही मी नुसती लिंक पाठवत नाही. १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजीत भिंतीत बसवलेला संगणक, २०१३ चं दहा लाख डॉलरचं टेड पारितोषिक, मग मुलांनी इंटरनेटवरून आपापलं शिकण्यासाठी 'स्कूल इन द क्लाउड'ची केंद्रं, त्यातलं एक आपल्या फलटणला. ऐकणाऱ्या शिक्षकाच्या मनात पहिला प्रश्न येतो, "मग माझं काय काम?" तो आपणच निरोपात विचारून टाकावा, म्हणजे चर्चा तिथूनच सुरू होते.

आता कायद्याचं. हे कंटाळवाणं वाटतं, पण नवखे लोक सगळ्यात आधी भाषणाचे तुकडे कापून स्वतःच्या चॅनेलवर चढवतात, म्हणून सांगते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार जाहीर भाषणाचा पहिला मालक बोलणारा असतो, किंवा तो ज्याच्या वतीनं बोलला तो. निव्वळ कार्यक्रम भरवला म्हणून आयोजक मालक ठरत नाही. अध्यापनासाठी शिक्षकाला कायद्यात सवलत आहे, पण ती ताणून यूट्यूब चॅनेलपर्यंत नेता येत नाही. टेडची भाषणं 'क्रिएटिव्ह कॉमन्स'च्या (म्हणजे ठरावीक अटींवर सगळ्यांना वापरू देणाऱ्या) ज्या परवान्याखाली येतात, त्यात नाव देऊन आणि पैसे न कमावता ती जशीच्या तशी दाखवता येतात. कापून किंवा त्यावर मराठी आवाज चढवून प्रसिद्ध करता येत नाहीत. वेळेची लिंक पाठवली की यातलं काहीच आड येत नाही. मराठी उपशीर्षकं करायची हौस असेल तर टेडचा स्वयंसेवी अनुवादाचा उपक्रम २००९ पासून चालू आहे, त्यात मराठीलाही जागा आहे.

परिषदेला स्वतः गेलात तर वक्त्याला आधी विचारा, मग रेकॉर्ड करा. पडद्यावर मुलांचे चेहरे दिसत असतील तर तो भाग सोडून द्या. चित्र हललं तरी चालतं, आवाज फुटला की संपलं. मागच्या रांगेतून केलेलं रेकॉर्डिंग म्हणजे पंख्याचा आवाज आणि खोकला.

खरं काम नंतरचं, मराठीत सांगण्याचं. व्हिडिओ धड्यांतून सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाची पद्धत मी उचलली. त्यांचे धडे साधारण दहा मिनिटांचे असतात. भाषांतराच्या संहितेत एका रकान्यात वेळ आणि दुसऱ्यात निवेदन, पडद्यावरचं चित्र मूळचंच, आवाज आपल्या भाषेत. मी तसाच दोन रकान्यांचा कागद करते आणि त्यावरून तीन-चार मिनिटांचा मराठी आवाजी निरोप बोलते. एसटीनं ये-जा करणारे सहकारी तो ऐकतात. व्हिडिओ उघडायला तिथे रेंज नसते, उत्साहही नसतो.

परदेशी भाषणांना "वा!" खूप मिळतं. पण वर्गात काहीतरी बदलतं ते बहुधा आपल्यासारख्याच पटसंख्येच्या शाळेतल्या माणसाचं ऐकून. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, तेव्हा पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालण्याचं त्यांचं काम मी दाखवलं की "त्यांच्याकडे सोयी असतील" हे वाक्य कोणी उच्चारू शकलं नाही. म्हणून मी आता आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत बाहेरच्या भाषणाचा तुकडा दाखवून झाला, की आमच्यातल्याच एकाला बोलायला लावते. स्कॉटलंडमध्ये २००६ साली सुरू झालेल्या 'टीचमीट' या शिक्षकांच्या अनौपचारिक मेळाव्यात बोलणाऱ्याला सात मिनिटं मिळतात, किंवा नुसती दोन. तो नियम केंद्रप्रमुखांना आवडला, कारण सभा वेळेत संपते.

पाठवलेल्या सगळ्याची नोंद एका गूगल शीटमध्ये ठेवा. व्हॉट्सअॅपवरचं जुनं काही सापडत नाही, आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेलं' असा शिक्का बसला की निरोप एका वेळी एकाच गटात जातो. शीटमध्ये वक्ता, साल, मिनिट, विषय, इयत्ता हे रकाने हवेतच. शेवटचा रकाना 'कोणी करून पाहिलं' असा ठेवा. तो बराच काळ रिकामा राहील. पण त्यात पहिलं नाव पडलं, की पुढच्या शिक्षण परिषदेतली सात मिनिटं कोणाला द्यायची हे ठरलेलं असतं.