टर्मिनलमधल्या फाईल लिस्टचे रंग आपल्या कामाप्रमाणे कसे लावायचे

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये एलएस, म्हणजे फाईलींची यादी दाखवणारी कमांड, मारली की काळ्या स्क्रीनवर गडद निळ्या अक्षरात फोल्डरची नावं येतात. आता देवगड-मालवणकडे भर दुपारी पडवीत लॅपटॉप घेऊन बसलं की समोर खळ्यात रखरखीत ऊन, स्क्रीनवर चकाकी, त्यात वीज गेली असेल तर बॅटरी वाचवायला ब्राइटनेस पण खाली आणलेला, मग ती निळी नावं काही केल्या वाचता येत नाहीत. बरेच जण नुसते डोळे बारीक करून काम रेटतात. पण हे रंग आपल्या हातात आहेत, एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये असतात, आणि एकदा नीट लावले की रोजच्या कामात खरंच फरक पडतो.

माझ्या मशीनवर बागायतदारांच्या हापूस ऑर्डरींच्या शीट, सातबाऱ्यांचे पीडीएफ, तारकर्लीकडच्या होमस्टेचे फोटो आणि दशावताराच्या रात्रभराच्या रेकॉर्डिंगचे मोठमोठे व्हिडिओ असं सगळं एकत्र असतं. त्यामुळे उदाहरणं तीच देतो, तुम्ही आपापली घाला. कमांड आणि फाईलमधल्या ओळी इथे मराठी अक्षरात आहेत, टर्मिनलमध्ये मात्र अक्षरं आणि आकडे इंग्रजीतच टाइप करायचे.

आधी हे रंग येतात कुठून ते बघू. एलएस रंग ठरवताना एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे टर्मिनलने लक्षात ठेवलेल्या नावाच्या कप्प्यात, बघतं, त्याचं नाव एलएस_कलर्स, सगळी अक्षरं कॅपिटल आणि मधे अंडरस्कोर. त्यात कोलनने तोडलेली लांबच लांब यादी असते. ती हाताने एडिट करायच्या फंदात पडू नका, त्यासाठी डिरकलर्स नावाची कमांड आहे, डी आय आर आणि त्याला जोडून कलर्स, स्पेलिंग अमेरिकन, म्हणजे यू नाही. ही कमांड एलएसच्या सोबतच येते, जीएनयू कोअरयुटिल्स या मूलभूत कमांडच्या संचाचा भाग आहे, त्यामुळे उबंटू, डेबियन, फेडोरा कुठेही वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. पहिलं काम हे:

डिरकलर्स -पी > ~/.डिरकलर्स

डॅश पी म्हणजे आत भरलेली मूळ यादी वाचता येईल अशी छापून दे, आणि ती आपण होम फोल्डरमध्ये लपलेल्या फाईलीत साठवली. तुमची अशी फाईल आधीच असेल तर तिची कॉपी करून ठेवा, कारण ही कमांड जुनी फाईल न विचारता पुसून टाकते. आता ती नॅनो किंवा जो एडिटर वापरता त्यात उघडा. वर टर्म अशा शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी दिसतील, कुठल्या प्रकारच्या टर्मिनलमध्ये रंग चालू करायचे त्याची ती यादी. त्यांना हात लावू नका, त्या उडाल्या आणि तुमचं टर्मिनल यादीत बसलं नाही तर आपण लावलेले रंग लागतच नाहीत आणि कारण लवकर सापडत नाही.

त्याखाली खरा माल आहे. डीआयआर ०१;३४ अशी ओळ म्हणजे फोल्डर, ठळक आणि निळा. ०१ म्हणजे ठळक, ०४ अधोरेखित, ०७ उलटा म्हणजे अक्षराचा रंग मागे आणि मागचा पुढे. ३० ते ३७ हे अक्षराचे आठ रंग, क्रमाने काळा, लाल, हिरवा, पिवळा, निळा, जांभळट, आकाशी, पांढरा, आणि ४० ते ४७ हेच रंग पण पार्श्वभूमीला. ९० ते ९७ हे त्याच आठांचे उजळ भाऊ. मधे सेमीकोलन टाकून हवे तेवढे जोडायचे. ३४ नंबरचा निळा नेमका कसा दिसेल हे मात्र तुमच्या टर्मिनलच्या थीमवर असतं, आणि ०१ लावल्यावर काही टर्मिनल अक्षर फक्त जाड करतात तर काही रंग पण उजळ करतात, म्हणून एकाच्या लॅपटॉपवर छान दिसणारी सेटिंग दुसऱ्याच्या लॅपटॉपवर काळवंडलेली दिसते.

यावर उपाय म्हणजे २५६ रंगांची पद्धत, आजकालची जवळपास सगळी टर्मिनल ती ओळखतात. लिहायचं असं, ३८;५; आणि पुढे ० ते २५५ मधला नंबर. पहिले १६ थीमवर अवलंबून, १६ ते २३१ पर्यंत २१६ रंगांचा ठरलेला साठा, आणि २३२ ते २५५ या २४ राखाडी छटा. मधल्या २१६ चा नंबर काढायला हिशोब सोपा आहे: लाल, हिरवा, निळा प्रत्येकी ० ते ५ मध्ये किती हवा ते ठरवा, मग १६ अधिक लाल गुणिले ३६ अधिक हिरवा गुणिले ६ अधिक निळा. समजा पिकल्या हापूससारखा नारिंगी हवा, लाल ५, हिरवा २, निळा ०, तर १६ + १८० + १२ = २०८. स्वच्छ आकाशी निळा हवा, लाल ०, हिरवा ३, निळा ५, तर १६ + १८ + ५ = ३९. फोल्डरसाठी मी तो ३९ च वापरतो, निळ्याची सवय तशीच राहते आणि उन्हात वाचता पण येतो:

डीआयआर ०१;३८;५;३९

आता कुठल्या फाईलला कुठला रंग. माझं ठाम मत आहे की रंग कमी ठेवा. नेटवर तयार याद्या मिळतात, त्यात शेकडो एक्स्टेन्शनला वेगवेगळ्या छटा दिलेल्या असतात, बघायला भारी वाटतात पण चार दिवसांनी त्यातला कुठला रंग कशाचा ते कोणाच्याच लक्षात राहत नाही. तुमच्या कामात नजर जिथे पटकन जायला हवी अशा चार-पाच गोष्टींनाच रंग द्या आणि बाकीचं साधं राहू दे. मूळ यादीत फोटो आणि व्हिडिओ दोघांना एकच ०१;३५ दिलेला असतो, माझ्यासारख्याला ते अजिबात चालत नाही, एकाच फोल्डरमध्ये धयकाल्याचे, म्हणजे दशावताराच्या खेळाचे, फोटो पण असतात आणि रेकॉर्डिंग पण. आणि पीडीएफला बहुतेक ठिकाणी रंगच नसतो, जेव्हा की आपल्याकडे निम्मी कागदपत्रं त्यातच. म्हणून फाईलच्या शेवटी हे लिहिलं:

.पीडीएफ ३८;५;२२०
.एक्सएलएसएक्स ३८;५;४१
.एमपी४ ०१;३८;५;२०८
.झिप ३८;५;२०३
.बॅक ३८;५;२४४

२२० सोनेरी पिवळा, ४१ हिरवा, २०३ लालसर, २४४ राखाडी. बॅकअपच्या फाईली राखाडी करणं हे मला सगळ्यात उपयोगी वाटतं. त्या असतात पण मधे लुडबुडत नाहीत. शेवटी लिहिण्याचं कारण असं की एकाच एक्स्टेन्शनची ओळ दोनदा आली तर नंतरची चालते, म्हणजे मूळ यादीत शोधाशोध करायला नको, आपल्या सगळ्या ओळी एका जागी राहतात आणि नवीन मशीनवर न्यायला पण बरं पडतं. कॅमेऱ्यातून येणाऱ्या फोटोंचं एक्स्टेन्शन कधी कधी कॅपिटलमध्ये असतं, त्यांना रंग लागत नसेल तर कॅपिटलवाली वेगळी ओळ घाला.

अजून एक युक्ती जी फार जण वापरत नाहीत. ओळ फक्त डॉटनेच सुरू व्हायला पाहिजे असं नाही, स्टार लावून नावाच्या शेवटचा कुठलाही भाग देता येतो. मी येणं बाकी असलेल्या ऑर्डरींच्या फाईलींच्या नावाशेवटी बाकी असं लिहितो, म्हणून ही ओळ, आणि ती एक्सएलएसएक्सच्या ओळीच्या खाली, म्हणजे दोन्ही जुळल्या तरी हीच लागते:

*-बाकी.एक्सएलएसएक्स ०१;३८;५;१९६

आंब्याच्या सीझनला पेट्या रवाना व्हायची घाई असते, कोणाचे पैसे आले कोणाचे राहिले हे बघायला फाईल उघडावी लागत नाही, यादीत लाल दिसलं की फोन लावायचा, आणि पैसे आले की फाईलचं नाव बदललं की रंग आपोआप बदलतो.

फाईल सेव्ह केली म्हणून लगेच काही दिसणार नाही, ती वाचायला लावायची:

इव्हॅल "$(डिरकलर्स -बी ~/.डिरकलर्स)"

हीच ओळ बॅशआरसी फाईलमध्ये, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचली जाते त्या होम फोल्डरमधल्या फाईलीत, टाकली की दर वेळी लागू होते. उबंटू-डेबियनवर तिथे ही सोय आधीच केलेली असते, होम फोल्डरमध्ये डिरकलर्सची फाईल सापडली तर ती वाचतात, त्यामुळे नवीन टर्मिनल उघडलं की झालं. रंगच दिसत नसतील तर एलएसला --कलर=ऑटो लावलंय का बघा, बहुतेक ठिकाणी ते एलियसने, म्हणजे कमांडला दिलेल्या टोपणनावाने, लावलेलं असतं. ऑटोच्या जागी ऑलवेज ठेवू नका, मग यादी दुसऱ्या कमांडला किंवा फाईलीत पाठवली की त्यात रंगांचे कोड घुसून कचरा होतो.

आता ज्या दोन गोष्टींनी लोक हैराण होतात त्या सांगतो.

पहिली, पेनड्राईव्हवरच्या सगळ्या फाईली हिरव्यागार दिसणं. फोटो हिरवे, पीडीएफ हिरवे, आपण लावलेले रंग गायब. कारण असं की पेनड्राईव्ह बहुतेक फॅट नाहीतर एनटीएफएस या विंडोजवाल्या फॉरमॅटचा असतो, त्यात लिनक्सच्या परवानग्या साठवायची जागा नसते किंवा त्या वापरल्या जात नाहीत, त्यामुळे बऱ्याच सेटिंगमध्ये सगळ्याच फाईली चालवता येणाऱ्या म्हणून दिसतात, आणि एलएसचा नियम असा की फाईल चालवता येणारी असेल तर एक्स्टेन्शन बघायचंच नाही, थेट हिरवा. पेनड्राईव्हवरून घरच्या डिस्कवर परवानग्यांसकट कॉपी केलं तर हा हिरवा रंग सोबत येतो. तिथे सीएचमॉड -एक्स मारून फोटोंवरची परवानगी काढा, तोच योग्य इलाज आहे. पेनड्राईव्हवरच पाहिजे असेल तर डिरकलर्सच्या फाईलीत एक्झेक नावाच्या ओळीत ०० करा. ०० म्हणजे याला रंग नाही, मग एलएस पुढे जाऊन एक्स्टेन्शन बघतं. पण त्यात खरोखरच्या स्क्रिप्ट वेगळ्या दिसायच्या बंद होतात, म्हणून कामात स्क्रिप्ट असतील तर हा मार्ग नको.

दुसरी, डब्ल्यूएसएलवाल्यांची, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय वापरणाऱ्यांची. सी ड्राईव्हचे फोल्डर हिरव्या पट्ट्यावर निळ्या अक्षरात येतात, ३४;४२, हा जोड कुठल्याही उजेडात वाचवत नाही. ती खरं तर सूचना आहे, या फोल्डरमध्ये कोणीही लिहू शकतो अशी. सर्व्हरवर ती सूचना कामाची असते, तिथे उडवू नका. डब्ल्यूएसएलमध्ये मात्र विंडोजकडचं जवळपास सगळंच तसं दिसतं, त्यामुळे सूचनेला काही अर्थ राहत नाही. अदर_रायटेबल नावाची ओळ शोधा, सगळं कॅपिटल, आणि तिथे ०० टाका, मग ते फोल्डर साध्या फोल्डरच्या रंगात येतात. सर्व्हरसाठी पट्टा ठेवायचा असेल पण वाचता यायला हवा असेल तर ३०;४३, पिवळ्यावर काळं, उत्तम दिसतं.

उन्हाचा प्रश्न मात्र नुसत्या डिरकलर्सने पूर्ण सुटत नाही. भर उजेडात काळ्या पार्श्वभूमीत स्वतःचंच तोंड दिसतं, पांढरी पार्श्वभूमी आणि गडद अक्षरंच वाचता येतात. पण पांढऱ्यावर २२० चा पिवळा पार नाहीसा होतो. म्हणून दोन फाईली ठेवा, एक दिवसाची एक रात्रीची. दिवसाच्या फाईलीत फोल्डर २५, पीडीएफ १३०, शीट २८, व्हिडिओ १६६ असे गडद आकडे, आणि बॅशआरसीत दोन एलियस:

एलियस दिवस='इव्हॅल "$(डिरकलर्स -बी ~/.डिरकलर्स-दिवस)"'
एलियस रात्र='इव्हॅल "$(डिरकलर्स -बी ~/.डिरकलर्स-रात्र)"'

टर्मिनलमध्ये पण दोन प्रोफाईल करून ठेवायची, एक पांढरं एक काळं. पावसाळ्यात आषाढात दिवसभर अंधारून येतं तेव्हा मी दुपारी पण रात्रच लावतो.

घरात कोणाला लाल-हिरवा वेगळा ओळखता येत नसेल तर महत्त्वाचा फरक त्या दोन रंगांवर ठेवू नका, निळा आणि नारिंगी ही जोडी घ्या किंवा रंगासोबत ०४ लावून अधोरेखित करा. माझ्या बाकीवाल्या ओळीत ०१ आहे ते त्याचसाठी, रंग नाही कळला तरी जाड अक्षर कळतं.

गणपतीला गावी आलेले चाकरमानी मॅक घेऊन येतात आणि त्यावर हे काहीच चालत नाही म्हणतात, बरोबर आहे, मॅकचं एलएस वेगळ्या घराण्यातलं, युनिक्सच्या बीएसडी शाखेचं. तिथे व्हेरिएबल एलएसकलर्स, अंडरस्कोरशिवाय, आणि त्यात दोन-दोन अक्षरांच्या जोड्या, पहिलं अक्षर पुढचा रंग दुसरं मागचा. पहिली जोडी फोल्डरची, मूळ ई-एक्स म्हणजे निळा, ती कॅपिटल जी आणि स्मॉल एक्स केली की ठळक आकाशी होतो. सोबत सीएलआयकलर=१ पण एक्स्पोर्ट करा, दोन्ही झेडएसएचआरसी फाईलीत, ती मॅकवरची बॅशआरसीसारखी फाईल. एक्स्टेन्शनप्रमाणे रंग तिथे मिळतच नाहीत. ते हवेच असतील तर होमब्रूने, म्हणजे मॅकवर अशा कमांड इन्स्टॉल करायच्या साधनाने, कोअरयुटिल्स घ्या, मग जीएलएस आणि जीडिरकलर्स अशा नावांनी वरचं सगळं जसंच्या तसं चालतं.

आणि फोल्डरच्या आतलं सगळं झाडासारखं दाखवणारी ट्री कमांड वापरत असाल तर तिला वेगळं काही करायला नको, ती पण एलएस_कलर्सच वाचते.