सिक्स्थ फॉर्ममध्ये विषय शिकवतानाच नोकरीची कौशल्ये कशी रुजवावीत

इंग्लंडमधील सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे सोळा ते अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यांना, शिकवायला नव्याने गेलेल्या मराठी शिक्षकाच्या कानावर ‘एम्प्लॉयबिलिटी’ (नोकरीस लागणारी कौशल्ये) हा शब्द लवकरच पडतो आणि ए-लेव्हलच्या (आपल्या बारावीसारख्या शालान्त परीक्षेच्या) भरगच्च अभ्यासक्रमात त्यासाठी वेळ कुठून काढायचा, असा प्रश्न त्याला पडतो. वेगळा तास बहुधा लागत नाही. गॅट्सबी फाउंडेशन या धर्मादाय संस्थेने २०१४ मध्ये करिअर मार्गदर्शनाचे जे आठ निकष मांडले, त्यांपैकी चौथा निकष अभ्यासक्रम करिअरशी जोडण्याचा आहे, आणि ते काम विषयशिक्षकाच्याच हातचे आहे.

सुरुवातीला आपल्या विषयाचा अभ्यासक्रम समोर ठेवून, विद्यार्थ्याला स्वतः निर्णय घ्यावा लागतो अशा जागा शोधाव्यात. भूगोलात त्या सर्वांत ठळक दिसतात. ए-लेव्हल भूगोलात किमान चार दिवसांचे क्षेत्रकार्य आवश्यक असते आणि २० टक्के गुण विद्यार्थ्याने स्वतः प्रश्न निवडून केलेल्या शोधप्रकल्पाला असतात. नदीच्या प्रवाहाबरोबर गोट्यांचा आकार कसा बदलतो, हे पाहायचे असेल, तर शिक्षकाने तयार तक्ता हातात देण्याऐवजी निघण्यापूर्वी एक पानी आराखडा लिहून घ्यावा: किती ठिकाणी मोजणार, तितक्याच ठिकाणी का, आणि पाणी वाढले तर काय करणार. परतल्यावर त्याच कागदावर, ठरलेल्यापैकी काय बदलले आणि का, हे लिहायला लावावे. गुणांसाठीच्या प्रकल्पात शिक्षकाने किती मदत करावी यावर परीक्षा मंडळांची बंधने असतात, म्हणून हे सारे ‘यिअर ट्वेल्व्ह’मधील (वयाने आपली अकरावी) सरावाच्या क्षेत्रभेटीतच उरकावे.

रसायनशास्त्रात किमान बारा प्रयोगांच्या आधारे प्रात्यक्षिकाचा स्वतंत्र शेरा मिळतो; तो ए-लेव्हलच्या श्रेणीत धरला जात नाही, त्यामुळे विद्यार्थी नोंदवहीकडे काहीसे दुर्लक्ष करतात. अनुमापनाच्या (टायट्रेशनच्या) प्रयोगानंतर वह्यांची अदलाबदल करावी आणि प्रत्येकाने केवळ दुसऱ्याच्या नोंदी वाचून तोच प्रयोग पुन्हा करावा. ब्युरेटमधून लागलेल्या द्रावणाची मापे ०.१० घन सेंटीमीटरच्या आत जुळली नाहीत, किंवा वही लिहिणाऱ्याकडे मध्येच काही विचारावे लागले, तर नोंदीत नेमके काय राहून गेले ते दोघांनाही लगेच कळते. दुसऱ्याला वापरता येईल असे लिहिणे म्हणजे काय, हे यातून जितके समजते तितके भिंतीवरच्या रंगीत कौशल्य-तक्त्यातून समजत नाही, असे माझे मत आहे.

इतर विषयांत छोटे बदलही पुरतात. इतिहासात परस्परविरोधी साधनांचा निष्कर्ष दीडशे शब्दांत, निर्णय घेणाऱ्या व्यक्तीसाठी लिहून घ्यावा. गणितात मोठ्या माहितीसंचातील गहाळ नोंदींचे काय करायचे, हे सकारण मांडायला सांगावे. गटकार्य दिलेच, तर प्रत्येकाच्या नावावर वेगळा भाग असावा, नाहीतर एकजण राबतो आणि बाकीचे सही करतात.

एवढे करूनही विद्यार्थ्याला ते शब्दांत सांगता आले नाही, तर अर्जात किंवा अप्रेंटिसशिपच्या मुलाखतीत त्याचा उपयोग होत नाही. २०२६ च्या प्रवेशापासून यूकॅसच्या (विद्यापीठ-प्रवेशाचे अर्ज हाताळणाऱ्या संस्थेच्या) वैयक्तिक निवेदनात एका सलग निबंधाऐवजी तीन प्रश्न आहेत आणि त्यांतला दुसरा, शिक्षणाने तुमची तयारी कशी करून घेतली, असाच आहे. ‘मी संघात चांगले काम करतो’ हे उत्तर वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. ‘दुसऱ्या ठिकाणी पाणी वाढल्यामुळे आम्ही मोजणीची जागा बदलली आणि त्याचा निष्कर्षावर काय परिणाम झाला ते अहवालात नोंदवले’ हे सांगते. यासाठी प्रत्येकाने एक साधी वही ठेवावी आणि तीत तारीख, घेतलेला निर्णय व त्याचा परिणाम एवढेच लिहावे. ही नोंद घरी करायला न सांगता तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत करून घ्यावी, कारण कित्येक विद्यार्थी शनिवार-रविवारी दुकानात किंवा कॅफेत काम करतात. त्या कामातल्या गोष्टीही त्याच वहीत लिहू द्याव्यात. शिक्षणाबाहेर काय केले, हे विचारणाऱ्या तिसऱ्या प्रश्नाला त्या कामी येतात.